न केलेल्या हजामतीचं बलुतं

माझ्या डोक्यावर, उजव्या कानाच्या जरा वर, तीन पांढऱ्या रेघा आहेत. केस होते तोवर त्या कुणाला दिसल्या नाहीत. आता केस गेले आणि रेघा राहिल्या. आमच्या कोपऱ्यावरचा सलूनवाला उरलेल्या झालरीला कात्री लावताना एकदा म्हणाला, "सर, हे कशानं झालं?" मी म्हटलं, "न्हाव्यानं." त्याला वाटलं, मी त्याची थट्टा करतोय. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

थट्टा नव्हती. आमच्या गावच्या न्हाव्यानं त्या केल्या. गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणायचो. नाव लिहायची गरज नाही. गावात त्यांच्याइतकं तऱ्हेवाईक दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे नुसतं 'आबा' म्हटलं तरी भागत असे.

बुटका माणूस, कान मोठे, अंगाला कायम तुरटीचा वास. बातम्या सांगण्याचा त्यांचा क्रम ठरलेला होता. पाणी लावताना मयतं, उजव्या गालाला सोयरिकी, डाव्या गालाला भांडणं. हनुवटीशी आले की गप्प. "हितं बोललं की कापतं," म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी हा नियम पाळला आणि चाळीस वर्षांत कुणाला कापलं नाही, असं ते सांगत. गावही तसंच सांगायचं, म्हणजे खरं असावं.

हनुवटी झाली की गळ्याशी पुन्हा तोंड उघडायचे, पण ते सांगायला नाही, विचारायला. गळ्यावर वस्तरा असला की माणूस खोटं बोलत नाही, हा त्यांचा आणखी एक सिद्धांत. कुणाचा बैल कितीला गेला, कुणाच्या सुनेनं माहेरी जायचं का काढलं, हे सगळं आबांना खरं ठाऊक असायचं, कारण ते सगळं त्यांनी गळ्यावर वस्तरा ठेवून विचारलेलं असायचं.

आमचं गाव मुळशी पेट्यातलं, पौडापासून चालत दोन तास. पन्नासाला पाच कमी उंबरे. सगळे भात पिकवणारे. न्हाव्याला तेव्हा कुणी पैसे देत नसे. त्यानं वर्षभर घरोघरच्या हजामती करायच्या आणि भाताची झोडणी झाली की खळ्या-खळ्यावर जाऊन घरटी आठ पायल्या भात न्यायचं. हे त्याचं बलुतं. त्यात नवरा-बायकोनं वर्ष काढायचं. दुसऱ्या गावच्या न्हाव्यानं आमच्या गावात पाऊल टाकायचं नाही. पण टाकलं, आणि गावानं त्याच्यापुढं मान वाकवली, तर बलुतंही त्याच्यामागं जायचं. कागद कुठं नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्या साली बी.ए. झालो होतो. आमच्या घराण्यात मॅट्रिकपर्यंतसुद्धा कुणी गेलेलं नव्हतं, आणि गावात तर मी पहिलाच. हे मी मिरवायला लिहीत नाही. झालो म्हणून लिहितो. विषय अर्थशास्त्र. शाळांकडं अर्ज टाकले होते आणि उत्तरांची वाट बघत घरी भाताची खाचरं तुडवत होतो. आबा मला तेव्हापासून नावानं हाक मारेनात. "ए बीये" म्हणायला लागले. मरेपर्यंत तेच म्हणाले.

वैशाखात गावातलं एक वऱ्हाड बैलगाड्यांतून निघालं. नवरदेवाच्या गाडीत न्हावी हवाच, म्हणून आबा होते. नदीकडच्या उतारावर गाडी मागच्या मागं सरकायला लागली. सगळे ओरडत बसले. आबा खाली उडी टाकून चाकाला दगड लावायला गेले. दगड बसला, गाडी थांबली, पण दगडाबरोबर उजवा हातही चाकाखाली गेला होता. कोळवण खोऱ्यातून हाड बसवणारा आणला. त्यानं लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या आणि चाळीस दिवस सांगितले. आबा तसेच लग्नाला गेले, कारण नवरदेवाला आरसा दाखवायचा मान त्यांचा होता. तो त्यांनी डाव्या हातानं दाखवला.

आमच्या घराचा वार बुधवार. पुढच्या बुधवारी सकाळी आबा पडवीत हजर. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या खांद्याला धोकटी, म्हणजे त्यांची हत्यारांची चामडी पिशवी. वडील चकित झाले.

"अरं, घरी पडायचं सोडून हितं कशापायी आलास?"

"बुधवार हाय."

"हाय की."

"मंग बसा."

वडील बसले. आबांनी डाव्या हातानं आणि थोडं दातांनी धोकटी सोडली. फडकं पसरलं, त्यावर वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी ओळीनं मांडली. वाटीत पाणी मागितलं. वडिलांचे गाल भिजवले आणि सावकाश चोळायला लागले. पाणी लावताना मयतं सांगितली. उजव्या गालाला एक मोडलेली सोयरीक सांगितली. डाव्या गालाला बांधाचं भांडण. हनुवटीशी आले आणि गप्प झाले. मग तोंड पुसलं, आरसा समोर धरला. वडिलांनी आरशात आपली आठ दिवसांची दाढी जशीच्या तशी बघितली.

"झाली?"

"झाली. आता फुडल्या बुधवारी."

आणि धोकटी आवळून निघून गेले. वस्तऱ्याला हात लावला नाही.

सोमवार, शनिवार आणि अमावास्या सोडली तर आबा पाऊस असो-नसो घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन निघायचे आणि ज्या घराचा वार, त्या घरी जाऊन हजामत सोडून सगळं करायचे. पहिल्या पंधरवड्यात लोक हसले. मग सवय झाली. मग दाढ्या वाढल्या.

चाळीस दिवसांनी कामट्या सुटल्या. हात बरा झाला होता, पण अंगठा बोटाला टेकत नव्हता. पाण्याची वाटी धरता येत होती, वस्तरा नाही. आबांनी याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. चोळायला आता दोन हात आले, एवढाच फरक.

आषाढात आमच्या शिवारात तीस-चाळीस दाढीवाले ओणवे होऊन भात लावताहेत, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. नवा तलाठी पहिल्यांदा गावात आला तो चावडीपाशी थबकला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "एवढं मोठं सुतक कुणाचं आहे?" शेजारच्या गावांत बातमी पसरली की आमच्या भैरोबानं गावाकडून नवस बोलवून घेतलाय. चांदे गावचे दोघे जण नारळ घेऊनसुद्धा आले. आमच्या लोकांनी नारळ फोडला, खोबरं खाल्लं आणि खुलासा केला नाही.

माझ्या ट्रंकेत पुण्याहून आणलेलं पात्याचं रेझर होतं. कॉलेजात मी रोज माझी मी करत असे. वडील म्हणाले, "गाव दाढी ठेवतंय आन् तू गुळगुळीत हिंडतूस? ठेव ती ट्रंकंत." मी ठेवलं. बुधवारी वडिलांच्या मागून मीही आबांपुढं बसायचो. चोळून झाल्यावर तोंड हलकं वाटायचं, हे कबूल करतो.

बाजारच्या दिवशी एक जण पौडाला जाऊन गुपचूप दाढी करून आला. त्याच्या वारी आबा त्याच्याकडं गेले. गुळगुळीत गाल भिजवले, मन लावून चोळले, मयतं, सोयरिकी, भांडणं सगळं झालं. मग आरसा धरला आणि म्हणाले, "बघ. कशी झालीया?" तो गृहस्थ आरशात बघू शकेना. त्यानंतर पौडाला दाढीसाठी कुणी गेलं नाही. गेलंच तर निम्मीच करून आलं असेल.

आबांची तक्रार मात्र वेगळीच होती. एकदा मला म्हणाले, "बीये, वस्तरा न्हाई म्हनल्यापास्नं लोक खोटं बोलाया लागल्यात. परवा पाटील म्हनला, म्हस आठ शेर देती. आठ शेर! मान वर धरून म्हनला."

हे सगळं गमतीचं वाटतं, पण त्यांच्या घरात गंमत नव्हती. मागल्या वर्षीचं भात श्रावणाच्या अखेरीला संपणार होतं आणि नवं खळ्यावर यायला त्यापुढं तीन महिने. काकू, म्हणजे त्यांची बायको, आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, रोजानं जायला लागल्या. पूर्वी कधी गेल्या नव्हत्या. घरी आबा रांधायचे. "भाकरीला दोन हात लागत्यात, भाताला येक बास," म्हणून दोन्ही वेळा भातच शिजवायचे, म्हणजे साठा आणखी लवकर संपायचा. काकूंनी हे मला हसत सांगितलं. चिखलानं बोटांच्या बेचक्या कुजलेल्या होत्या, त्यांवर हळद लावत सांगितलं.

त्याच सुमाराला आबांचा चुलत पुतण्या गावाबाहेर दिसायला लागला. तोही न्हावी, पौडाकडं राहायचा. त्याच्याकडं घडीची लाकडी खुर्ची होती, ट्यूबमधला साबण होता, आणि दाढीनंतर लावायला वासाचं पाणी. सडकेच्या कडेला, गावाच्या हद्दीच्या हातभर पलीकडं आंब्याखाली तो खुर्ची मांडून बसायचा. माणूस वाईट नव्हता. आबांच्या घरी येऊन रीतसर बोलला. मी तिथं होतो.

"काका, गाव मी बघतो. तुमी बसून ऱ्हावा. निम्मं बलुतं तुमचं, निम्मं माझं. जल्मभर."

मला ते बोलणं रास्त वाटलं. अर्थशास्त्रानंही रास्तच होतं. आबांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "गाव काय भाकरी हाय व्हय रं, मोडून द्यायला?"

"आन् हात आला न्हाई तर?"

"तर येनार न्हाई. तू चा पी."

बाहेर पडल्यावर मी माझं शिक्षण पणाला लावलं. पुण्यातल्या कारखान्यात मजुराचा हात गेला तर कायद्यानं भरपाई मिळते, हे मी शिकलो होतो. तीच गोष्ट गावानं करावी, म्हणून देवळात चार माणसं जमवून मी मांडलं की घरटी महिना आठ आणे काढू, हात बरा होईपर्यंत आबांना देऊ. लोकांनी माना डोलावल्या. आबा मागं खांबाला टेकून बसलेले मला दिसले नव्हते.

"बीये," ते म्हणाले, "वर्गनी मेलेल्याची काढत्यात, न्हाईतर गनपतीची. मी दोन्ही न्हाई. कारखान्यातल्या त्या मानसाला पैसं देत्यात, व्हय ना?"

"हो."

"मंग दुसऱ्या दिशी कारखान्यात त्येची जागा ऱ्हाती का?"

मी म्हटलं, "नाही. जागेवर दुसरा येतो."

"मंग भरपाई कशाची झाली?"

लोक हसले. मी त्या वेळी मनातून चिडलो होतो. पुढं कित्येक वर्षांनी शाळेच्या जिन्यावरून पडून माझा पाय मोडला. रजेचा अर्ज दिला, पगार घरी येत राहिला, तक्रारीला जागा नाही. दोन महिन्यांनी शाळेत गेलो तर माझे तास दुसरे एक गृहस्थ घेत होते, आणि पोरं त्यांच्यावर खूश होती. आबांची तेव्हा आठवण झाली, एवढंच.

श्रावणात काकू कोहळे विकायला लागल्या. त्यांच्या छपरावर वेल चढलेला होता. आमच्याकडं आणलेल्या कोहळ्याला सगळीकडून ओरखडे होते आणि कोवळ्या कोहळ्यावर असते ती लव कुठंच नव्हती. आई म्हणाली, "अगं, ह्येला काय मांजरानं बोचकारलंय?" काकू म्हणाल्या, "उंदरं झाल्यात लई." आईनं त्याची भाजी केली. आम्ही खाल्ली आणि विषय संपला.

वडिलांना भाद्रपदाच्या सुरुवातीला ताप धरला. बुधवारी आबा आले तेव्हा वडिलांना उठून बसता येत नव्हतं. आबा म्हणाले, "पडून ऱ्हावा." उशाशी बसले, गाल भिजवले. दाढी चांगली चार महिन्यांची झाली होती, तिच्या मुळाशी बोटं घालून त्यांनी किती तरी वेळ चोळलं. मयतं त्या दिवशी सांगितली नाहीत. सोयरिकींपासून सुरुवात केली. वडील डोळे मिटून होते. आबांनी आरसा धरला नाही. निघताना वडील म्हणाले, "लई बरं वाटलं." आणि मग चुलत्यांकडं, म्हणजे तात्यांकडं, बोट करून म्हणाले, "ह्येचं बलुतं थांबवायचं न्हाई. सांगून ठेवतुया."

सगळ्या गावात हे सोंग बंद करा असं उघड म्हणणारे तात्या एकटेच होते.

गौरी उठल्या आणि दोन दिवसांनी वडील गेले. मी एकुलता, म्हणजे कर्ता मीच. दाढी पुढं ढकलता येते. दहाव्याला डोकं करायचं असतं, ते पुढं ढकलता येत नाही. हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. आबांनाही. नवव्या दिवशी तात्यांनी आबांच्या पुतण्याकडं सांगावा धाडला, तोही लपवून धाडला नाही.

दहाव्याला सकाळी नदीवर गेलो. पाणी गढूळ, काठाला चिखल. एका बाजूला आबा फडकं पसरून बसलेले. पंधरा हातांवर पुतण्या उभा, खुर्ची घडी करून बगलेत. भावकी मधल्या जागेत. तात्या पुढं झाले.

"आबा, दाढीचं सोंग चाललं चार म्हैनं. कुनी बोललं न्हाई. पर ह्यो माझ्या भावाचा धावा हाय. हितं पानी लावून भागत न्हाई."

"न्हाई भागत," आबा म्हणाले.

"मंग?"

"मंग काय. ज्येचं डोकं त्येला इचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पुतण्यापुढं बसलो तर पुढच्या झोडणीला बलुतं त्याचं होतं आणि आबांच्या घरात दाणा येणार नव्हता. हे काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दुसरीकडं, सहा दिवसांनी पुण्यात एका हायस्कुलात मला मुलाखतीला बोलावलेलं होतं, आणि डोकं माझंच होतं. मी काही मोठ्या मनाचा विचार करत नव्हतो. मी आबांच्या हातांकडं बघत होतो. उजवा मांडीवर आडवा पडलेला, डावा धोकटीवर. डाव्या बाहीच्या काठाला पांढरी भुकटी लागलेली होती. पीठ वाटावं अशी. पण पीठ नव्हतं. जून कोहळ्यावर धरते ती भुकटी होती.

मी जवळ जाऊन हळू विचारलं, "आबा, किती कोहळे झाले?"

त्यांनी वर बघितलं. लबाडी करताना सापडलेल्या माणसासारखे कान लाल झाले.

"अकरा."

"कापले किती?"

"पयले सात."

म्हणजे शेवटचे चार निर्धोक. मी हिशेब केला आणि खाली बसलो. मागं तात्या काही तरी पुटपुटले.

आबांनी डोकं भिजवलं. मयतं नाहीत, सोयरिकी नाहीत, भांडणं नाहीत. सबंध डोकं म्हणजे जणू हनुवटीच होती. वस्तरा उघडल्याचा आवाज झाला. पहिल्यांदा टेकला तो उजव्या कानाच्या वर, आणि तिथंच कापलं. हात थांबला. पुन्हा टेकला, पुन्हा कापलं. माझ्या कानामागून ऊन ऊन काही तरी मानेवर आलं. भावकीतलं कुणी तरी "आरारा" म्हणालं. तिसऱ्यांदा कापलं तेव्हा मला आबांचा श्वास ऐकू आला, डोंगर चढून आल्यासारखा. मग थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वस्तरा डोक्याच्या दुसऱ्या बाजूनं, मागून पुढं, अगदी सावकाश फिरायला लागला. कोहळ्याला देठाकडून शेंड्याकडं तासतात तसा. तिथून पुढं कापलं नाही. पण वेळ असा लागला की ऊन डोक्यावर आलं आणि पिंडाची तयारी करून बसलेले भटजी दोनदा खोकले.

झाल्यावर त्यांनी तीनही जागी तुरटी दाबली. झोंबली. आरसा धरला नाही.

आता तात्यांची पाळी. धाकटा भाऊ, त्यांनाही डोकं करायचं होतं. तात्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं. मानेवरून सदऱ्यात उतरलेल्या ओघळाकडं बघितलं. मग पुतण्याकडं. त्यानं खुर्ची उघडून जमिनीवर टेकवली होती. फार जोरात नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तात्या दोन पावलं तिकडं गेले. खुर्चीच्या पाठीला हात लावून हलवून बघितली, बैल घेताना वशिंड हलवून बघतात तशी. मग परत आले आणि आबांसमोर चिखलात बसले.

"आटप," म्हणाले. "कावळा वाट बघतुया."

तात्यांना कापलं नाही. त्यांच्यामागून भावकीतले चौघे बसले. त्यांनाही नाही.

पुतण्यानं खुर्ची मिटली. जाता जाता आबांच्या फडक्याशी वाकला, वस्तरा उचलून पात्यावर नख फिरवलं. "काका, ह्येला धार न्हाई. एका हातानं धार लागत न्हाई. अमुशाला माझ्याकडं देत जावा."

"काय घेशील?"

"घेईन काय तरी."

"काय तरी न्हाई. धा पायल्या घे झोडणीला. आन् आता जेवून जा."

तो जेवून गेला. पुढं दर अमावास्येला तो यायचा, दगडावर वस्तरा लावून द्यायचा, आणि आंब्याखाली पुन्हा कधी बसला नाही.

हायस्कूलच्या हेडमास्तरांनी माझ्या तुळतुळीत डोक्याकडं बघून विचारलं, "कोण गेलं?" मी सांगितलं. मग खपल्यांकडं बघून म्हणाले, "आणि हे?" मी म्हटलं, "आमचा न्हावी डावरा आहे." त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. नोकरी मिळाली.

इकडं आबांनी डाव्या हातानं गावच्या दाढ्या उतरवायला घेतल्या. चार महिन्यांचं रान होतं, दिवाळीपर्यंत पुरलं. एकेका दाढीला निम्मी सकाळ जायची, पण रक्त म्हणून कुणाचं निघालं नाही. पाटलाची म्हैस पुन्हा पाच शेरांवर आली.

मार्गशीर्षात झोडणी झाली तेव्हा मी आठवडाभर रजा काढून गावी आलो होतो. आबा आणि काकू पोतं घेऊन खळ्या-खळ्यावर फिरत होते. चार महिन्यांचा विषय कुणी काढला नाही. ज्याच्या-त्याच्या खळ्यावर आठ पायल्या बिनबोभाट पोत्यात पडत होत्या. ज्यानं पौडाला जाऊन दाढी केली होती त्यानं तर नववी पायली घालायला काढली. आबांनी ती परत ओतायला लावली.

आमच्या खळ्यावर तात्यांनी स्वतः माप धरलं. आठ भरून ओतल्या. काकू पोत्याचं तोंड आवळायला लागल्या तर आबांनी त्यांचा हात धरला.

"तीन काढ, तात्या."

"कशापायी?"

"बीयेला तीन कापलं."

तात्या म्हणाले, "भावानं सांगितलंय मला, थांबवायचं न्हाई. पुरं घेऊन जा."

"थांबवतुया कोन? पाच घेतुया की. तीन काढ."

मला राहवलं नाही. मी अर्थशास्त्राचा पदवीधर होतो आणि आता तर पगारी मास्तर. म्हटलं, "आबा, हे कुठलं गणित? ज्यांच्या गालाला चार महिने वस्तरा लागला नाही त्यांच्याकडून पुरं माप घेतलंत. आणि ज्या घरी पहिली खरी हजामत केलीत, त्याच घरचं कमी?"

आबा माझ्या डोक्याकडं बघत होते. केस बोटभर आले होते, रेघा झाकल्या होत्या. त्यांना त्या दिसत असाव्यात.

"त्यांची न्हाई केली," ते म्हणाले. "तुझी वाईट केली. न्हाई करनं येगळं, बीये. वाईट करनं येगळं."

तात्यांनी पोत्याचं तोंड फाकवलं. मग पोत्यात माप घालून तीन पायल्या परत काढल्या आणि आमच्या राशीवर ओतल्या. काकूंनी पोतं आवळलं. आबांनी पुढं होऊन डाव्या हातानं ते त्यांच्या डोक्यावर चढवलं आणि दोघं पुढच्या खळ्याकडं गेले.

त्या तीन पायल्या आम्ही खाल्ल्या. काही वेगळी चव लागली असं लिहिलं तर ते खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. आबा सकाळी पडवीत आले, फडकं पसरलं, हत्यारं मांडली. मी खाली बसलो. त्यांनी गाल भिजवले. मयतं सांगितली, सोयरिकी सांगितल्या, भांडणं सांगितली, आणि हनुवटीशी येऊन गप्प झाले.